दोन स्क्रूंवरची पाटी

माझे बाबा पितळी पाट्या कोरतात. डॉक्टर, वकील, नव्या घरात आलेली जोडपी, सगळ्यांची नावं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांची एक पद्धत आहे. पाटी गिऱ्हाइकाच्या दारावर आधी वरच्या दोनच स्क्रूंवर लावायची आणि चार दिवस थांबायचं. कुणी काही बोललं तर उतरवून दुसरी करायची. नाही बोललं तर पाचव्या दिवशी जाऊन खालचे दोन स्क्रू पिळायचे. पाटी आवडली का, असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलेलं नाही. विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घरातही कुणी कुणाला काही विचारत नाही. आई गेल्यापासून बोलण्याचं सगळं खातं आत्याकडे आहे, आणि ती आमच्या दोघांच्या वाटचंही बोलते.

त्या वर्षी इथल्या लहान कॉलेजात माझी दोन वर्षं पुरी झाली होती आणि पुढच्यासाठी मी दोन मोठ्या विद्यापीठांत अर्ज टाकले होते. दोन्हीकडून हो आलं. टेकडीवरच्या विद्यापीठाचं नाव घेतलं की लोक बसायला खुर्ची देतात. पण त्यांनी माझे निम्मेच विषय धरले होते. दुसरं वर्ष पुन्हा करावं लागणार होतं. नदीकाठचंही काही कमी नव्हतं, फक्त आत्याच्या मैत्रिणींना ते ठाऊक नव्हतं. तिथे मला थेट तिसऱ्या वर्षात घेत होते. शिवाय जुने पूल का खचतात, या एका प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या बाई तिथे शिकवत होत्या. पुलांच्या तड्यांवरचा माझा निबंध वाचून त्यांनी हातानं पत्र लिहिलं होतं : 'प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल रिकामं ठेवते. मी आणखी दोनच वर्षं आहे, तेव्हा वेळ घालवू नकोस.' ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं. मला नदीकाठीच जायचं होतं. कळवायला सहा दिवस उरले होते.

बाबांना सांगायचंच असं ठरवून मी त्या संध्याकाळी घरी आले, तर आमच्या दारावर नवी पाटी. माझं पूर्ण नाव, त्याखाली टेकडीवरचं विद्यापीठ. अक्षरांत काळी लाख भरलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. माझ्या डोक्यात सणक गेली.

"पाटी बघितलीस ना?" आत्या आतून म्हणाली. "समोरच्या काकू दोनदा वाचून गेल्या. आता तरी तोंड जरा हसरं ठेव."

बाबा जेवत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा ताटात पाहिलं.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मला वाटलं, कोरून झालं, लावून झालं, गल्लीत वाचूनही झालं, आता काय बोलायचं. आणि खरं सांगायचं तर राग धरून बसायला मला बरं वाटत होतं. चार दिवस मी त्या दारातून ये-जा केली आणि एकदाही पाटीकडे नीट पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात काहीतरी खटपट करत होते. मी अंग चोरून त्यांच्या बाजूनं बाहेर पडले आणि टेकडीवाल्यांना होकार कळवला. बाईंना दोन ओळी लिहिल्या. त्यांचं उत्तर आलं नाही.

टेकडीवर माझ्यापेक्षा लहान मुलांत बसून मी वर्षभर तेच धडे गिरवले. तिथल्या सरांना जुन्या पुलांत काडीचा रस नव्हता. बाबांचा फोन आला की मी हं, हो, बरं एवढंच म्हणायची, आणि मनातल्या मनात त्यांना रोज फैलावर घ्यायची.

सुट्टीत घरी आले. खुर्चीचा पाय डगमगत होता म्हणून स्क्रू शोधायला पुढच्या खोलीतल्या बाबांच्या दुकानात जाऊन एक खण उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली पितळी पाटी होती. माझं नाव, आणि खाली नदीकाठचं विद्यापीठ. तितकीच घासलेली. चारही भोकं रिकामी.

"ही कधी केलीत?"

"दोन्ही एकदमच केल्या," बाबा म्हणाले. "तुझं काय चाललंय कळेना. आत्याला टेकडीवरची हवी होती, म्हणून ती आधी लावली. म्हटलं, नको असेल तर बोलशील."

"मला विचारायचं ना."

"विचारलं असतं तर माझ्याकडे बघून हो म्हणाली असतीस." त्यांनी पाटीवरचं फडकं सारखं केलं. "दोनच स्क्रू होते गं. लहानपणापासून बघतेस. मला वाटलं, तुला कळलं असेल."

कुठल्या पुलाचा कुठला बोल्ट सैल आहे हे मी लोकांना सांगणार होते. स्वतःच्या दारावरचे दोन स्क्रू मला दिसले नव्हते.

बाबा उठून दाराशी गेले. खालचे दोन स्क्रू काढून त्यांनी खिशात टाकले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. विचारलं मात्र नाही.

बाईंचं अजून एक वर्ष बाकी होतं. पत्र टाकता आलं असतं. पण त्याआधी बाबांना सांगावं लागलं असतं की वर्ष फुकट गेलं, आणि ते तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे गेलं. एवढं बोलायला तोंड लागतं, आणि ते आमच्या घरात एकट्या आत्याला आहे.

मी चार दिवस घरी राहिले. पाचव्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाले, तेव्हा बाबा दारात खालचे स्क्रू पिळत होते. मी अंग चोरून त्यांच्या बाजूनं बाहेर पडले.