भोपळ्याचा प्राण, बाळाची लस

“फिरली! अहो, बघा तरी, हात हलत नाही आणि अंगठी फिरतेय!”

दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकू सोफ्याच्या हातावर चढून बसल्या होत्या आणि चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. मधल्या खुर्चीत प्राणमापक महाराज. चेहऱ्यावर भाव असा, की आपण उठलो तर जग बंद पडेल. त्यांच्या दोन बोटांत लांब दोरा, दोऱ्याला अंगठी आणि अंगठीखाली शेजारच्या केमिस्टदादांची लेक, दुपट्यात गुंडाळलेली, तोंडावर पातळ फडकं टाकलेली.

“प्राण पूर्ण आलेला आहे!” महाराजांनी जाहीर केलं. “अंगठी गोल फिरली की पूर्ण, सरळ रेघेत हलली की अर्धा. अंगठी खोटं बोलत नाही. तिला ना पोट, ना पाणी. तिला कशाला हवंय खोटं?”

केमिस्टदादांनी डोळे पुसले. त्यांची लेक आठ महिन्यांची. त्याच सकाळी तिनं त्यांचा चष्मा मोडला होता. तिच्यात प्राण आहे हे कळायला अंगठीची काही गरज नव्हती, पण हे सांगायचं कुणी?

स्वयंपाकघराच्या दारात या घरच्या बाळाची आई हे सगळं बघत उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, सध्या रजेवर होती. तिच्या छातीशी होता तो मूठभर. हे नाव त्याच्या आत्यानं ठेवलेलं, कारण स्वारी चांगली सात आठवडे आधी येऊन थडकली होती. काचेच्या पेटीत राहून, नळीनं दूध पिऊन, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवून तो आता कुठे घरी आला होता. उद्या सकाळी त्याची लस होती. आणि उद्याचं काहीच ठरत नव्हतं.

त्याचं कारण म्हणजे या घरातला वयाचा घोळ. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “हा बसेल कधी, रांगेल कधी, हे बघताना वय जन्मापासून मोजू नका, बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा.” घरच्यांनी हे इतकं मनावर घेतलं की सगळंच ठरलेल्या तारखेपासून मोजायला लागले. ती तारीख तर अजून पुढच्या आठवड्यात होती. म्हणजे हिशेबानं मूठभरचं वय निघालं शून्याच्याही खाली! सासूबाई भेटायला येणाऱ्याला सरळ सांगायच्या, “तसं बघितलं तर तो अजून व्हायचाय.” आणि हे ऐकून महाराजांनी टाळी वाजवली होती. “मग! जो अजून जन्मलाच नाही, त्याला सुई टोचता?”

आईनं दुपारीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्या म्हणाल्या, “बसणं-रांगणं वेगळं आणि लस वेगळी. लसीचं वय जन्मल्या दिवसापासूनच. आधी आलेल्या बाळाला तर लस जास्त गरजेची. आईकडून मिळणारं संरक्षण पोटातल्या शेवटच्या आठवड्यांतच भरभरून मिळतं, नेमके तेच आठवडे याचे हुकले. वजन छान आहे, तब्येत छान आहे. उद्या घेऊन या.”

“पण आज महाराज येतायत,” नवरा डोकं खाजवत म्हणाला. “माझ्या आईचं मन राहू दे. अंगठी काय म्हणते ते बघू, मग ठरवू.”

अंगठी काय म्हणते! खालच्या मजल्यावरचं पोर डांग्या खोकल्यानं काळंनिळं होत होतं. त्याची ती ढास जिन्यातून वर ऐकू यायची आणि आई मूठभरला आणखी जवळ ओढायची. उद्याची लस त्याच खोकल्यापासून वाचवणारी होती. सुईची भीती तिलाही होतीच. एवढीशी मांडी, तिच्यात सुई! पण खोकल्याची भीती त्याहून मोठी होती.

तेवढ्यात नणंद आत आली. “वहिनी, तुमचा नंबर. तोंडावर फडकं टाकून आणा म्हणतायत. नजर पडली की प्राण बिचकतो म्हणे.”

“ह्याच्या तोंडावर? अजिबात नाही! श्वासासाठी किती झगडलाय हा, आणि मी त्याचं तोंड झाकू?”

मूठभरलाही तेव्हाच भूक लागली. आई त्याला पाजायला बसली आणि तिची नजर ओट्यावर गेली. तिथं एक लाल भोपळा बसला होता. गोल, गुळगुळीत, वजनाला थेट मूठभरएवढा. नणंदेनं आधी भोपळ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे, आणि हसू दाबायला ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

“टोपी घाल त्याला,” आई म्हणाली. “आणि नीट धर. मान सांभाळ.”

दुपट्यात गुंडाळलेला, तोंडावर फडकं टाकलेला भोपळा बाहेर नेताना नणंदेनं मान सांभाळली. भोपळ्याला मान नसते, पण तिनं इतक्या मायेनं सांभाळली की काकू हळहळल्या, “किती गं शांत बाळ!”

महाराजांनी डोळे मिटले. दोरा सोडला. अंगठी जरा घुटमळली आणि मग सरळ रेघेत हलायला लागली, मागे-पुढे, मागे-पुढे.

“अर्धा!” महाराज गरजले. “अर्धाच आलाय! उरलेला वाटेत आहे. ठरलेल्या तारखेला पोचेल. त्याआधी सुई टोचाल तर आलेला अर्धाही माघारी फिरेल!”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. “तरीच हा रडत नाही,” केमिस्टदादा हळूच म्हणाले. “अर्ध्या प्राणात रडणार तरी कसा?”

“कोण रडत नाही?” दारातून आवाज आला. आई उभी होती, आणि तिच्या खांद्यावर मूठभरनं ऐटीत ढेकर दिला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग दुपट्याकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. आईनं पुढे होऊन फडकं उचललं, तर टोपी घातलेला भोपळा! पहिली हसली ती केमिस्टदादांची लेक, खदाखदा, आणि मग जो हशा पिकला, त्यात काकू सोफ्याच्या हातावरून घसरून थेट सोफ्यात पडल्या.

महाराज मात्र कसलेले गडी. “भोपळ्यातही प्राण असतो!” ते ओरडले.

“असेल की. पण त्याला लस टोचू नका, असं कशाला सांगताय? त्याला कोण टोचणार होतं?”

“ही थट्टा आहे! अंगठी बाळावर धरू द्या, मग बघा.”

“धरू या,” आई म्हणाली. “फक्त तुमचा हात नको.”

तिनं पंखा बंद केला आणि दोरा पडद्याच्या दांडीला बांधला. खाली खुर्चीत सासूबाई मूठभरला मांडीवर घेऊन बसल्या. अंगठी थोडी डुलली, मग मंदावली, मग थांबली ती थांबलीच. ना गोल, ना रेघ.

“अगं बाई, म्हणजे प्राण उरलाच नाही?” काकू किंचाळल्या. त्यावर मूठभर खणखणीत शिंकला.

“काकू, प्राण जागच्या जागी आहे. दोऱ्यावरचा हात तेवढा गेलाय,” आई म्हणाली. “आई, बाळाला त्याच्या आत्याकडे द्या आणि आता तुम्ही धरा दोरा. हात हलवू नका. फक्त मनात म्हणा, गोल फिर.”

सासूबाईंनी दोरा धरला, ओठ घट्ट मिटले, आणि अंगठी गोल फिरायला लागली! “देवाशप्पथ, मी नाही हलवत!”

“मुद्दाम नाही हलवत तुम्ही. पण मनात आलं की बोटं नकळत, अगदी केसभर हलतात. दोरा लांब, खाली वजन. ते केसभर हलणं एकावर एक साठत जातं आणि अंगठी हातभर झुलते. तुमचा काही दोष नाही, सगळ्यांचं होतं. बाळाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, हे महाराजांना कुणी सांगितलं?”

“मीच,” सासूबाई पुटपुटल्या.

“झालं तर. तुम्ही त्यांना सांगितलंत, त्यांनी बोटांना सांगितलं, बोटांनी अंगठीला. महाराज, आता एका दुपट्यात बाळ ठेवते, तोंड उघडं ठेवून. दुसऱ्यात भोपळा. तुमचे डोळे बांधते. कुठे पूर्ण, कुठे अर्धा, सांगा बघू?”

महाराजांना एकदम आठवलं, की त्यांना दुसरीकडे जायचंय. पण इकडे लोकांना उधाण आलेलं! जो तो दोरा शोधायला लागला. कुणी किल्ली बांधली, कुणी कानातलं. टीव्हीच्या रिमोटमध्ये पूर्ण प्राण निघाला, महाराजांच्या पिशवीत अर्धा, आणि केमिस्टदादांच्या मोडक्या चष्म्यात तर असा काही प्राण निघाला की अंगठी थांबेचना. या गोंधळात महाराज जिन्यातल्या ढिगात एक चप्पल स्वतःची आणि एक कुणाची तरी घालून निघून गेले.

त्या संध्याकाळी नवरा बायकोजवळ येऊन बसला. “चुकलंच माझं,” म्हणाला. “डॉक्टर फोनवर इतकं स्पष्ट सांगत होत्या आणि मी अंगठीची वाट बघत बसलो.”

“मलाही सुईची भीती वाटतेच रे,” ती म्हणाली. “म्हणून तर उद्या तू पण चल.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वरात निघाल्यासारखे सगळे हजर. डॉक्टरीणबाईंनी मूठभरला तपासलं, वजन केलं आणि इवल्याशा मांडीत सुई टोचली. मग मूठभरनं जो टाहो फोडला, तो ऐकून बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. नवऱ्यानं तिचा हात धरला. मूठभर पाचच मिनिटांत दूध पिऊन गाढ झोपला.

बाहेर बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्यांच्याही कुशीत तसंच लवकर आलेलं, इवलंसं बाळ. बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, “आमच्या घरचे म्हणतात, बाळ कच्चं आहे, अजून दोन महिने थांबा.”

सासूबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या, बाळाच्या टोपीवरून हात फिरवला. “घरच्यांना वाईट म्हणू नकोस गं. भीतीपोटीच म्हणतात, मीही तेच म्हणत होते. पण बाळाचं वय कधीपासून मोजायचं, लस कधी द्यायची, हे आत जाऊन डॉक्टरांना विचार. एकदा नाही कळलं तर दहादा विचार, लाजू नकोस. आणि कुणी चमत्कार दाखवायला आलं ना, तर त्याला एवढंच म्हण, बाबा रे, आधी तुझा हात काढ आणि मग दाखव.”