मागचा ब्रेक

भुजंगचा स्वभाव संशयी होता आणि त्याला पगारही संशय घेण्याचाच मिळायचा. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत तो उगवण तपासायचा. पिशवीवर काहीही छापलेलं असो, ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांना कोंब फुटल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. तिथवर ठीक होतं. पण माणूस घरी येताना स्वभाव काही गेटवर ठेवून येत नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, शेजाऱ्याचं हसणं, सगळं तो एकदा उलटून बघायचा. त्याची बायको सुरेखा म्हणायची, "यांना देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी आधी वास घेतील."

फक्त एका माणसाला त्यानं कधी उलटून बघितलं नव्हतं, तो म्हणजे रामप्रसाद. दोघं एका गावचे, एका बाकावर शिकलेले. आता रामप्रसादचं मस्तगडला खिळे-रंगाचं दुकान होतं. डॉक्टरांनी भुजंगला शुगर सांगितली तेव्हा सायकलचं खूळ त्यानंच काढलं होतं. दोघांनी गिअरच्या सायकली घेतल्या. रविवारी पहाटे राजूरच्या रस्त्याला लागायचं, चढ चढून वरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि उन्हं तापायच्या आत परत. त्याआधी शनिवारी संध्याकाळी भुजंगच्या ओट्यावर दोन्ही सायकली उलट्या ठेवायच्या, चेन पुसायची, तेल द्यायचं, हवा बघायची. सुरेखा चहा घेऊन यायची तेव्हा भुजंगच्या अंगात मास्तर संचारायचा. "हे ब्रेकचं रबर. ही वायर. हा बारका नट दिसतो का, हा असा फिरवला की रबर रिमच्या जवळ येतं. पाना लागत न्हाई, बोटानं होतं काम." सुरेखा ऐकून घ्यायची.

रामप्रसाद अंगानं भरलेला. चढाला तो कायम मागं पडायचा आणि भुजंग वर जाऊन कमरेवर हात ठेवून त्याची वाट बघायचा. ही वाट बघण्यात त्याला जे सुख होतं ते चहातही नव्हतं.

मग दिवाळीच्या सुमाराला उतारावर खडीवरून भुजंगची सायकल घसरली. गळपट्टीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या रामप्रसादनं टेम्पो थांबवला, त्याला उचलून आत घातलं आणि दवाखान्यात नेलं. सुरेखा खाटेशी उभी राहून एवढंच म्हणाली, "आता बास करा." हात गळ्यातल्या झोळीतून सुटल्यावर भुजंगनं पुन्हा सायकल काढली. ती पुन्हा काही बोलली नाही. भुजंगला वाटलं, पटलं तिला.

संक्रांतीनंतर एक चमत्कार झाला. चढाला रामप्रसाद पुढं निघून जायला लागला. भुजंगचा ऊर फुटायचा, मांड्या भरून यायच्या आणि वर रामप्रसाद दम खात बसलेला दिसायचा. पहिल्यांदा भुजंगनं वयाला दोष दिला, मग साखरेला. रक्त तपासून आणलं, तर साखर बरी निघाली. याला काय म्हणावं?

एका रविवारी घरी परतल्यावर सायकल पायरीवरून चढवताना त्यानं मागचं चाक सहज फिरवलं. चाक जरा फिरलं आणि थांबलं. ब्रेकचं रबर रिमला घासत होतं. भुजंगच्या कपाळावर आठी पडली. आदल्याच संध्याकाळी तो ब्रेक त्यानं स्वतः बसवला होता, दोन्ही बाजूंना सारखी फट सोडून. त्यानं नट परत फिरवला, रबर मोकळं केलं आणि गप्प बसला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

संशयी माणसाला एकदा धागा सापडला की तो सबंध लुगडं उसवतो. सायकल ओट्यावरून उचलून रात्री घरात यायची, म्हणजे बाहेरचा हात लागायचा प्रश्न नव्हता. शनिवारी तिच्याजवळ बसणारा परका माणूस एकच. मग भुजंगला आणखी एक गोष्ट आठवली. हल्ली रामप्रसाद चढाला पुढं असायचा, पण उतार लागला की मुद्दाम मागं राहायचा. पूर्वी असं नव्हतं. चढाला पुढं जाऊन मिरवायचं आणि उताराला मागून नजर ठेवायची, हे काय? इतकी वर्षं वर उभा राहून आपण ज्याची वाट बघितली त्याच्या मनात काय साचलं असेल, हा विचार भुजंगला पहिल्यांदाच शिवला. आणि तो शिवला तो वाकड्या वाटेनं.

पुढच्या शनिवारी रामप्रसाद यायच्या आत त्यानं ब्रेक मोकळा केला आणि मुलीच्या, रेणूच्या, नखपॉलिशची एक बारीक रेघ नटावर ओढली. नट हलला तर रेघ मोडणार. रामप्रसाद आला, नेहमीसारखा बडबडला, चेन पुसली, चहा प्याला, गेला. पहाटे निघताना अंधारात रेघ बघून घ्यायचं भुजंगला सुचलं नाही. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, तो गणित पुरं सोडवत बसत नाही.

त्या दिवशी चढ त्याला जड गेला. टपरीशी पोचला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. टपरीवाल्यानं पाण्याचा जग दिला. भुजंग बाजूला जाऊन तोंडावर पाणी मारून आला, तर रामप्रसाद त्याच्या सायकलपाशी उकिडवा बसलेला. हात मागच्या ब्रेकवर. नटावरची रेघ मोडलेली.

"काय करून राह्यला?"

रामप्रसाद दचकला, हे भुजंगनं बघितलं. "घासून राह्यलाय. जरा ढिला करून राह्यलो."

"ढिला? का आवळून राह्यला? काल आवळलेला पुरला न्हाई का?"

"भुजंगा, मी कशाला आवळू?"

"मंग कोण आवळतंय? भूत येतं का माझ्या घरी? दर शनिवारी तूच येतो. तुला माझ्या पुढं जायचं होतं तर सांगायचं, मी मागं राह्यलो असतो."

रामप्रसादनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या मिटण्याला भुजंगनं कबुली मानलं आणि मग त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. "दिवाळीत पडलो तव्हाबी मागं तूच होता. आदल्या दिवशी सायकलीला कुणाचा हात लागला होता?"

टपरीवाला भांडी घासायचा थांबला. रामप्रसाद उठला. हात पँटला पुसले, चहाचे पैसे ठेवले, सायकलवर बसला आणि एकटाच उतरून गेला. भुजंगला तेव्हा आपण जिंकलो असं वाटलं, आणि घरी येईपर्यंत ते वाटणं पार आंबून गेलं.

शनिवार आला. रामप्रसाद आला नाही. भुजंगनं एकट्यानं सायकल उलटी ठेवली, चेन पुसली, तेल दिलं. सुरेखानं विचारलं, "भावजी न्हाई आले?" तो म्हणाला, "त्याला काम असंल." तिनं एकच कप आणला. ओटा इतका मोठा आहे हे भुजंगला त्या दिवशी कळलं. रामप्रसादची बडबड म्हणजे कटकट असं तो इतकी वर्षं मानत आला होता, आणि आता ती नाही म्हटल्यावर चेनचा खरखराटसुद्धा ऐकवेना.

रविवारी तो एकटा निघाला आणि शहर सुटायच्या आतच उतरला. सायकल पायाखाली पुढं सरकतच नव्हती. दिव्याच्या खांबाखाली त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं. अर्धा फेरासुद्धा झाला नाही. आजवर कधी नव्हता इतका ब्रेक आवळलेला होता. आणि रामप्रसाद तर त्याच्या ओट्याकडे फिरकलासुद्धा नव्हता.

भुजंग खांबाला टेकून उभा राहिला. एका मित्रावर आळ घेतला आणि चोर तर घरातच आहे, हे त्याला कळून चुकलं होतं. कोण, ते मात्र त्याला स्वतःशीही म्हणवेना. तो तसाच माघारी फिरला. पुढच्या शनिवारी सायकल पुसून, तेल देऊन झाल्यावर "दाढी करून येतो" असं सांगून तो निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला.

सुरेखा ओट्यावर बसली होती. हाताला तेल लागू नये म्हणून पदराच्या टोकात नट धरून ती तो फिरवत होती. एकदा फिरवला की चाक फिरवून बघायची, मग परत फिरवायची. त्यानंच शिकवलं होतं तसं, बरोबर.

भुजंग समोर उभा राहिला. ती दचकली नाही. फक्त पदर सोडला.

"तू?" तो म्हणाला. "का पण?"

"आमचे आबा ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायचे," सुरेखा म्हणाली. "लाकडाचा ओंडका. जनावर चरतं, फिरतं, पण पळत न्हाई. ओंडका पायात येतो. पळालं तर जातं कुणाच्या तरी रानात, न्हाईतर रस्त्यावर. मारायचं न्हाई, बांधून ठेवायचं न्हाई, नुसतं लोढणं. तुम्हाला एकदा सांगितलं होतं बास करा. तुम्ही ऐकलं का? दुसऱ्यांदा सांगून कोण ऐकतं?"

"अगं, चढाला जीव जाऊन राह्यला होता माझा."

"ते मला कुठं ठाव? मला उतार दिसायचा. दवाखान्यात तुमचा सदरा कापून काढला होता, तो दिसायचा." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "भावजींनीच सांगितलं, चढाला दम लागतो म्हणून."

"रामप्रसादनं? त्याला माहीत होतं?"

"एका शनिवारी तुम्ही फडकं आणायला आत गेल्ते तव्हा विचारलं त्यांनी. म्हणले, वहिनी, तुम्ही आवळता का? मी म्हणलं, यांना सांगू नका, यांची जीभ तुम्हाला माहीत हाये. तर म्हणले, न्हाई सांगत. पण त्याच्या छातीला ताण हाये, मी वर गेल्यावर जरासा ढिला करीन. आणि उताराला मी त्याच्या मागंच राहीन, गाड्या माझ्या अंगावरून जातील आधी. तुम्ही घोर करू नका." तिनं चाकाकडे बघितलं. "त्यांनी सांगूनबी मला राहवलं न्हाई. आणि मागच्या बारीला तर ते संगं नव्हते, म्हणून जास्तच आवळला."

भुजंग पायरीवर बसला. टपरीवर रामप्रसादनं तोंड उघडून मिटलं होतं ते त्याला आता दिसलं. एका शब्दानं तो सुटला असता. तो शब्द होता 'वहिनी', आणि तो त्यानं गिळला होता. वर भुजंगनं दिवाळीत पडल्याचा आळसुद्धा त्याच्यावरच घेतला होता.

"तुम्ही काही बोललात का त्यांना?" सुरेखानं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि शेवटी म्हणाली, "मंग ब्रेकला हात लावू नका. असाच घेऊन जा त्यांच्या दारात."

रविवारी पहाटे तो आवळलेली सायकल रेटत मस्तगडला गेला. रामप्रसादच्या बायकोनं, दैवशालानं, दार उघडलं. नेहमी ती "या भावजी" म्हणायची. आज नुसती बाजूला झाली. रामप्रसाद बाहेर आला, भुजंगकडे न बघता त्याच्या मागच्या चाकाकडे बघितलं आणि खाली वाकला. वाकता वाकता थांबला.

"ढिला करू का?"

त्यानं विचारलं, हेच भुजंगला लागलं. इतक्या वर्षांत एकमेकांच्या सायकलीला हात लावायला दोघांनी कधी विचारलं नव्हतं.

"कर," भुजंग म्हणाला. "सुरेखानं सगळं सांगितलं. माझं चुकलं, रामप्रसाद. दिवाळीचं बोललो ते तर..."

"चल. उजाडायला लागलं."

चढाला भुजंग मुद्दाम हळू चालवत होता. रामप्रसाद त्याच्याबरोबर राहिला नाही, मागंही पडला नाही, चार हात पुढंच चालला. टपरीवर दोघांनी चहा घेतला. टपरीवाला दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. निघताना रामप्रसाद म्हणाला, "उताराला मी पुढं जातो. मागं राह्यलो तर परत कायबाय येईल तुझ्या डोक्यात."

भुजंगनं त्याला पुढं जाऊ दिलं. तो मागं राहिला. दिवाळीला जिथं तो घसरला होता तिथं अजून खडी होती. रामप्रसादचं जड अंग त्या वळणाकडे जाताना बघून त्यानं स्वतःचाच ब्रेक दाबला. मागून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं आपली सायकल नकळत रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतली, ट्रॅक्टर आणि रामप्रसाद यांच्या मधे. खाली पोचेपर्यंत त्याची बोटं ब्रेकवर आखडून गेली होती. उतार इतका लांब आहे हे पुढं असणाऱ्याला कधी कळत नाही.

खाली रामप्रसाद पाणी प्यायला थांबला होता. भुजंग त्याच्याजवळ उतरला.

"दिवाळीत तू मागं होता म्हणून मी जिता हाये," तो म्हणाला.

रामप्रसादनं बाटलीचं झाकण लावलं. भुजंग पेडल मारत जालन्याकडे निघाला. रस्त्यावर गाड्या वाढायला लागल्या होत्या. बरंच अंतर त्याला फक्त स्वतःच्या सायकलचा आवाज ऐकू येत होता. मग मागून, जवळूनच, दुसऱ्या फ्रीव्हीलची टिकटिक आली आणि तिथंच राहिली.

भुजंगनं वळून बघितलं नाही.