पाच टक्के जास्त दाखवणारा काटा

मित्रांनो, बोथजवळच्या एका शाळेच्या वऱ्हांड्यात टांगलेला जुना स्प्रिंगकाटा म्हणजे मी. माझी उमर भैंसा गावातल्या जिनिंगमध्ये कापूस तोलण्यात गेली. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मालकाने मला शाळेला देऊन टाकले. इथे मी मुलांच्या जेवणाचे तांदूळ तोलत असे. माझा शब्द शेवटचा, याचा मला भारी तोरा होता.

मग श्रीलंकेतल्या एका शाळेशी आमची ओळख जुळली. आमची सहा मुले दहा दिवस तिकडे जाणार, त्यांची सहा आमच्याकडे येणार. एका संस्थेने खर्चाच्या चार हिश्श्यांपैकी तीन द्यायचे कबूल केले. चौथा हिस्सा गावाने उभा करायचा आणि त्याचा हिशेब पावत्यांसह ठरलेल्या तारखेच्या आत पाठवायचा. हिशेब जुळला नाही तर मुले घरीच राहणार होती. नागसेन सरांनी गावाला रोख मागितली नाही, घरटी चार-पाच किलो कापूस मागितला. मी तोलत गेलो, सर पावत्या फाडत गेले. बेरीज झाली चार क्विंटल.

विकायला नेला तेव्हा जिनिंगवर मात्र तो एकोणीस किलो कमी भरला.

गावात कुजबुज सुरू झाली, कारण कापूस सरांनीच नेला होता. कोणी सुचवले, खिशातून भरा आणि गप्प बसा. सर ऐकेनात. त्यांनी सगळ्यांसमोर मला दहा किलोचे सरकारी शिक्क्याचे वजन लावले. मी साडेदहा दाखवले. माझी स्प्रिंग ढिली पडली होती आणि आळ त्या भल्या माणसावर आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

जाणाऱ्या मुलांत साक्षी होती. तिची मोठी आई चंपाबाई उठली आणि म्हणाली, "सर, फरक काट्यात हाये, तुमच्यात नाई. जेवढा कमी पडला तेवढा आमी भरून देतो."

दोन दिवसांत कापूस पुरा झाला. सरांनी पावत्या दुरुस्त केल्या, प्रत्येकाची सही घेतली आणि माझी चूकही हिशेबात लिहून पाठवली. संस्थेचे पैसे आले.

मला वाटले, आता भंगारवाला येणार. पण सरांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, 'पाच टक्के जास्त दाखवतो.' निघायच्या आदल्या दिवशी साक्षीने आपली बॅग मला लावली. विमानात वीस किलोचीच परवानगी होती, मी एकवीस दाखवले. तिने चिठ्ठी वाचली, बोटांवर हिशेब केला आणि निर्धास्त होऊन बॅग उचलली.

या गावाचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिची चूक किती आहे ते मोजून पाहा. आणि माणसाला चोर म्हणण्याआधी काटा तपासा.