तळाशी बसलेलं

आमच्या घरी पाणी हलवून घ्यायची पद्धत नाही. आम्ही तळ्याकाठचे, मासे धरणारे. तळ्याचं पाणी पितळेच्या गुंडात भरायचं, तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ प्यायचं. माझ्या पायलला मिरगीचं पातळ औषध मिळालं, तेव्हा मी तेच केलं. बाटली फळीवर उभी ठेवली. पांढरं खाली बसलं की वरचं चमच्याने पाजायची. शहाणीच ना मी!

बाटली नवी असली की पोरीला झटके यायचेच. संपत आली की तळाचं घट्ट उरायचं. टाकवत नव्हतं, म्हणून तेही पाजायची. मग आठ वर्षांची पायल झुलायला लागायची. पावलं वेडीवाकडी पडायची, बोटं आपोआप वळायची, डोळे भिरभिरायचे. गावच्या मातामायची पूजा करणारी सुकरीबाई म्हणाली, "माय आली पोरीच्या अंगात." दर महिन्याला नेमाने येते, म्हणजे देवीच! तिसऱ्या खेपेला अंगणात बायका जमल्या, नारळ फुटला. सुकरीबाईने हुकूम सोडला, "आता दवाई बंद कर गोकुळा. मायले दवाई चालत नाई."

पायलने माझ्याकडे हात केले. "आई, धर ना मले. पाय आयकून नाई राह्यले."

मी धरलं नाही. देवीला कोण धरतं? मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या कपाळाखाली ते पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी औषध आणून देणारी आशाताई रंजीता आली. मी बाटली तिच्यापुढे ठेवली. "घेऊन जा, नाई लागत आता."

तिने बाटली उजेडात धरली. "हलवून नाई देत होती काय वो? वर नुसतं पाणी, दवाई सारी खाली! पोरीले आधी कमी भेटली, मंग जास्त झाली. त्यानंच झुलते पोर." तशीच ती आम्हाला दवाखान्यात घेऊन गेली.

आता मी बाटली खांदा दुखेपर्यंत हलवते. मात्रा डॉक्टरांनी बांधून दिली आहे, पायलची पावलं सरळ पडतात. पण जाळं विणताना, तांदूळ निवडताना कानात तेच येतं, धर ना मले. वळून पाहते तर पोर अंगणात खेळत असते.

परवा तळ्याच्या पाळीवर तिचा पाय घसरला. मी शेजारीच होते. हात पुढे केला.

तिने मोहाचं खोड धरलं.