नणंद, भावजय आणि खिडकीचा पडदा

नाताळ झाला, पाहुणे पांगले आणि घराने एकदाचा सुटकेचा निःश्वास टाकला. कोपऱ्यातलं सजवलेलं झाड तेवढं अजून उभं होतं आणि उभ्या जागी वाळकी पानं गाळत होतं. वहिनीने मनाशी पक्कं केलं होतं, उरलेली रजा पाय पसरून लोळण्यात घालवायची. वर्षभर तिकीटखिडकीत बसून "अहो, आटपा लवकर!" ऐकता ऐकता तिचे कान किटले होते.

पण वन्सं अजून गेल्या नव्हत्या.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळा जन्म शिवणवर्गात मुलींना शिकवण्यात गेलेला. कुणाच्याही घरी गेल्या की आधी पडद्याची उलटी बाजू बघणार आणि मग पाण्याचा पेला हातात घेणार. वहिनीचं आणि सुईचं साप-मुंगसाचं वैर. त्यामुळे वन्संसमोर ती नेहमी चोरासारखी वावरायची.

त्या दुपारी नवरा उरल्यासुरल्या पाहुण्यांना पोचवायला स्टेशनवर गेला. दोघींनी भांडी घासली, चादरी वाळत टाकल्या, फरशी पुसली. वहिनीने सोफ्याकडे नुसती तिरकी नजर टाकली, तोच वन्संनी नवा पडदा पुढे केला.

"खालची कड दुमडायची राहिलीय. त्या टोकाकडून तू ये, या टोकाकडून मी येते."

"वन्सं, मला नाही हो जमत."

"बसायला जमतं ना? मग बस."

दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या, मांडीवर पडदा. सुई बोटाला टोचली की वहिनी "आई गं" म्हणायची, आणि वन्सं मान वर न करता "टाका बारीक घाल, आवाजही बारीक ठेव" म्हणायच्या. हळूहळू वहिनीचा हात बसला. मग तोंडही सुटलं. कुत्र्याचं अर्धं तिकीट मागणाऱ्या गृहस्थाची गोष्ट तिने इतकी रंगवून सांगितली, की वन्सं सुई हवेत धरून हसल्या. वहिनीला गगन ठेंगणं झालं.

"झालं माझं!" म्हणत ती ऐटीत उठली. तिच्याबरोबर पडदाही उठला आणि त्याच्यामागून तिचा गाऊन गुडघ्यापर्यंत वर आला.

"अगं बाई! स्वतःलाच शिवून घेतलंस?" वन्सं पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता त्याही उठल्या, हिसका बसला आणि धप्पकन वहिनीच्या अंगावर आल्या. त्यांचाही गाऊन पडद्याला शिवलेला होता.

वहिनीने वन्संच्या गाऊनची कड उलटून पाहिली.

"वन्सं," वहिनी कशीबशी म्हणाली, "तुमचे टाके मात्र अगदी एकसारखे आहेत हो."

झालं! वन्संच्या नाकातून असा काही आवाज निघाला की दोघींचा बांध फुटला. त्या धांदलीत पायाचा धक्का लागून कात्री सोफ्याखाली गेली. ती काढायला दोघी एकदम वाकल्या आणि डोक्याला डोकं आपटलं. तेवढ्यात बेल वाजली.

"डावा पाय आधी!" वन्संनी हुकूम सोडला.

"कुणाचा डावा?"

खेकड्यासारख्या तिरक्या चालत त्या दारापर्यंत पोचल्या. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. वर खुर्ची सरकली तरी तक्रार घेऊन येणारे, म्हणून घरात त्यांचं नाव शांतताकाका पडलेलं.

"जरा शांत..." त्यांची नजर पडद्यावर गेली.

"बघत काय उभे राहिलात?" वन्संचा शिवणवर्गातला आवाज लागला. "सोफ्याखाली कात्री आहे, ती काढा!"

काका मुकाट्याने आत आले, पालथे पडले आणि कमरेपर्यंत सोफ्याखाली शिरले. नेमका तेव्हाच नवरा उघड्या दारातून आत आला. एका पडद्यात बायको आणि ताई, सोफ्याखालून बाहेर आलेले दोन पाय.

"मी स्टेशनवर परत जाऊ का?" त्याने विचारलं.

आधी सोफा गदगदला. मग त्याच्याखालून कोरड्या पडलेल्या पंपासारखा आवाज आला. शांतताकाका हसत होते! त्यांना पाय धरून बाहेर ओढावं लागलं. केसांत जळमटं, डोळ्यांत पाणी, हातात कात्री.

वहिनीचे टाके फुंकर मारल्यासारखे सुटले. वन्संचे काही केल्या सुटेनात. त्यांनी स्वतःच शेवटी गाऊनचा कोपरा कापून टाकला. "काम पक्कं म्हणजे पक्कं," असं म्हणायलाही त्या विसरल्या नाहीत. काका चहाला थांबले, केकही दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी वन्सं निघणार होत्या. सकाळी दात घासताना आरशात दोघींची नजरानजर झाली आणि वन्संच्या तोंडातला फेस थेट आरशावर उडाला. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "आता काय झालं?" दोघी आणखीच हसत सुटल्या. वन्संनी तोंड पुसलं, वहिनीच्या खांद्याला धरून दम घेतला आणि भावाला ओरडून सांगितलं, "दादू, माझी बॅग ठेव परत माळ्यावर! मी रविवारी जाईन!"