हेमांगीबाईचा वर केलेला हात

रत्नदीपने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, बघा! हेमांगीताई आता गेल्या कामातून."

मोबाइलात पालिकेचं सभागृह, त्यात हेमांगी हात वर करून उभी, आणि खाली लाल अक्षरं. मला अक्षराला अक्षर लावून वाचावं लागतं, पण वाचलं. 'कोळीवाड्याच्या जेट्टीला विरोध करणारा हाच तो हात!'

माझी नात दक्षता पहिल्यांदाच नगरसेवकपदाला उभी राहिली होती आणि हा रत्नदीप तिचा प्रचार बघत होता. समोर उभी हेमांगी. डोंबिवलीहून इथल्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेली, मागच्या खेपेला निवडून आलेली. मला ती बाई कधी आवडली नाही. माझ्याकडे पापलेट घ्यायला येते ती नाकाला रुमाल लावून, आणि भाव करताना मात्र तोच रुमाल खाली घेते.

"यात खोटं काहीच नाही हां आजी," रत्नदीप म्हणाला. "एकदम ओरिजिनल फोटो. काही कापलेलं नाही."

"पुढचं सगळं कापलंयस की रे मेल्या!"

दक्षता मोबाइलकडे बघतच नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं.

जेट्टीचा ठराव पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच कागदात आमची मासळी सुकवायची जागा पार्किंगला घातलेली. जेट्टी घ्यायची तर जागा सोडायची. म्हणजे सून आणायची आणि चूल विकायची! आम्ही बायका उठलो आणि थेट हेमांगीच्या घरी गेलो. तिच्या सोफ्यावर मुद्दाम ऐसपैस बसलो. मी म्हटलं, "बाय, हा ठराव पाड."

ती म्हणाली, "भागीरथीबाई, ठराव माझ्याच पक्षाचा आहे. आणि पडला तर जेट्टीसुद्धा हातची जाईल."

"जाऊ दे. एकदा नाही म्हण, मग बोलणी कर. आम्ही आहोत."

सभेच्या दिवशी आम्ही वर गॅलरीत बसलो होतो. विरोधात कोण म्हणून विचारलं, तसा तिने हात वर केला. तिचीच माणसं तिच्यावर ओरडली. एकाने तर "बसा खाली" म्हणून दरडावलं. हात काही खाली आला नाही. एका मताने ठराव पडला. मग तिने साहेब लोकांकडे खेपा घातल्या, चार जणांना गाठलं, कुणाच्या गटाराच्या कामाला आपण पाठिंबा देऊ म्हणाली. अशा देवाणघेवाणीतून तोच ठराव परत आला, आमची जागा सोडून. त्या वेळी तिचा हात बाजूने होता. त्याचा फोटो रत्नदीपकडे नव्हता. कसा असेल?

"आजे," दक्षता शेवटी बोलली, "माझं पहिलंच इलेक्शन आहे. कोळीवाड्याला खरं माहीत आहे, पण बिल्डिंगवाल्यांना कुठे माहीत? एवढ्या एका फोटोवर मी निवडून येऊ शकते गं."

"येशील निवडून. मग?"

"मग काम करीन ना!"

"कसलं काम करशील? उद्या असाच वाकडा ठराव येईल. आम्ही बायका तुझ्या दारात येऊ, दक्षे, नाही म्हण म्हणून. तेव्हा तुला हाच फोटो आठवेल. आपलाही कुणी असाच छापेल म्हणून तू हात मांडीखाली दाबून बसशील. अशी नगरसेविका आम्हाला कशाला हवी? त्यापेक्षा घरात राहा आणि कोळंबी सोल."

रत्नदीप हसला. दक्षता हसली नाही. तोंड लालबुंद झालं तिचं. माझ्याच वळणाची आहे, खरं बोललेलं तिला आधी झोंबतं.

"डिलीट कर," ती रत्नदीपला म्हणाली.

"पागल झालीस काय? अख्ख्या वॉर्डात जाणार आहे हे!"

"नाही जाणार. आणि आज सभेत मी यावरच बोलणार."

"मग हरशील."

"हरेन तर माझ्या तोंडाने हरेन."

संध्याकाळी बिल्डिंगांच्या मधल्या चौकात सभा झाली. रत्नदीप फुगून मागे उभा होता, पण माइक त्यानेच लावून दिला. दक्षताने माइक हातात घेतला. "हेमांगीताईंनी जेट्टीच्या विरोधात मत दिलं, असं तुमच्या कानावर येईल," ती म्हणाली. "दिलं होतं. आमच्या आजीने द्यायला लावलं होतं. म्हणून ठराव सुधारून परत आला, तेव्हा त्यांनीच बाजूने मत दिलं, आणि आज जेट्टीही आहे, आमच्या जागेत जवळाही सुकतो. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, गेली पोर.

"पण तुमच्या तिसऱ्या मजल्याला पाणी चढत नाही, त्याचं काय? त्यासाठी ताईंनी एकदाही तोंड उघडलं नाही. मत नाही, विरोध नाही, काही नाही. तो जाब मी विचारणार."

तशी मागून एक बाई उठली. "तू तरी काय करणार ते सांग की! पाण्याची टाकी कुठे बांधणार?"

दुसरा म्हणाला, "आमच्या गार्डनवर नको हां!"

"गार्डनवर नको तर कुठे, तुझ्या डोक्यावर?" तिसरीने सुनावलं.

दक्षताने माइक सोडला आणि खाली उतरली, त्यांच्या मधोमध. कोण टाकी इकडे ओढत होतं, कोण तिकडे. ती एकेकाला विचारत होती, तुम्ही काय सोडाल, तुम्हाला काय हवं. मी खुर्ची ओढून जवळ बसले. भांडण चांगलं रंगात आलं होतं.