मुड्यातली काच

"बैल उभा करा हिच्यावर," असं म्हणत दुकानदाराने ट्रंकेच्या झाकणावर मूठ आपटली. पत्रा घुमला, पण चेपला नाही.

कोंडाजीने वाकून ट्रंकेचे चारही कोपरे चाचपले. महाडच्या बाजारातलं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानात जाड कापडाची पिशवी पाहिली, दुसऱ्यात पितळी कुलपाची चामडी बॅग. दोन्ही ठिकाणी त्याने एकच प्रश्न विचारला होता. इथेही तोच विचारला.

"आत काच ठेवली तर?"

"कसली काच? आरसा?"

"औषधाच्या कुप्या. मुंबईवरनं आणायच्या. दर महिन्याला एक फेरी, चार महिनं."

"मग हीच न्या. चार महिने काय, नातवाच्या लग्नापर्यंत टिकेल."

"अशीच एक हाय माझ्याकडं. हिच्याच मापाची. तिलाबी काय झालं नाय."

"मग आणखी काय पाहिजे?"

"आतल्या कुप्या फुटल्या."

दुकानदाराचा हात झाकणावर तसाच राहिला. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "पाहुणे, पेटीची हमी मी देतो. आतल्या मालाची कशी देऊ?"

कोंडाजीने मान हलवली आणि तो बाहेर पडला.

दोन वर्षांमागे, एकावन्न साली, बायकोच्या, तुळसाच्या, क्षयाचं औषध तो मुंबईहून घेऊन आला होता. तेव्हा पेटी मजबूत असली की झालं, असं त्याला वाटलं होतं. त्याच्या डोंगरावरच्या गावची सगळी माणसं असंच समजतात. चाकरमान्याची पत किती हे त्याच्या ट्रंकेच्या वजनावरून ठरवतात. त्याने कुप्या धोतरात गुंडाळल्या, ट्रंकेला दोन कुलपं लावली आणि ती एस.टी.च्या टपावर चढवली. पोलादपूरला ट्रंक उतरली तेव्हा तिच्यावर ओरखडा नव्हता. फक्त एका कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं. पुन्हा औषध मिळवून आणेपर्यंत दीड महिना गेला. तुळसा तेवढी थांबली नाही.

आता सोळा वर्षांच्या लेकीला, आवडीला, तोच खोकला लागला होता. ती पोलादपुरात, कोंडाजीच्या थोरल्या बहिणीकडे राहत होती. बनुबाईचं घर दवाखान्याच्या मागेच होतं. डॉक्टरांनी रोज एक सुई सांगितली होती. पहिल्या महिन्याचं औषध त्यांनी स्वतःच कुठून तरी मिळवून दिलं होतं. "पुढचं तुम्ही आणायचं," ते म्हणाले होते. "आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही." त्या महिन्याच्या आता दहा सुया उरल्या होत्या.

कोंडाजी चालत सावित्रीच्या धक्क्यावर आला. भरतीबरोबर तुडीलकडून एक मचवा आला होता आणि हमाल त्यातून भाताचे मुडे काढत होते. पेंढ्यात भात भरून, पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळलेले गोल मुडे. हमाल ते पायरीवर फेकत. मुडा आपटे, जरासा उसळे, गडगडत जाऊन थांबे. दाणासुद्धा सांडत नव्हता.

तो बघत उभा राहिला. तुळसा माहेरी अंडी पाठवायची ती अशाच लहान मुड्यात, भाताच्या तुसात पुरून. डोक्यावरून, बैलगाडीतून, कशीही जात. एकही अंडं फुटल्याचं तिच्या आईने कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बनुबाईच्या पडवीत तो पेंढा पसरून बसला. त्याने मुडा कधी बांधला नव्हता. ते काम तुळसाचं. तो समोर बसून विडी ओढत तिच्याशी बोलत असे, एवढंच.

"ह्यो मुडा हाय का घुबडाचं घरटं?" बनुबाईने विचारलं. "पीळ बघ तुझा. उलटा पडतोय."

"पडू दे. आवळतोय ना?"

"आवळतोय. पन सरळ पिळायला काय व्हतंय?"

"हात तसाच जातो, बाय. मला काय ठाव."

त्याने आत तूस भरलं, तुसात सहा अंडी पुरली, मुडा बांधला आणि माळ्यावर चढून खाली टाकला. चार अंडी फुटली. बनुबाई उरलेली दोन उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी दोन फुटली. अंडी एकमेकांना भिडत होती. मग त्याने प्रत्येकाभोवती पेंढ्याची वेगळी चुंबळ केली आणि मध्ये तूस ठासलं. तिसऱ्या दिवशी त्याने मुडा माळ्यावरून दोनदा टाकला. सहाच्या सहा शाबूत.

"आता रोज पोळीच करायची अंड्याची," आतून आवडी म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दोघं भावंडं पेंढ्याकडे बघत राहिली.

मुंबईत औषध हातात पडायला आठवडा गेला. मेव्हण्याच्या खोलीत कोंडाजीने बरोबर नेलेला पेंढा आणि तूस काढलं. तीस कुप्यांत पावडर होती. ती पाण्यात कालवायची म्हणून बरोबर पाण्याच्या तीस बारीक काचनळ्या. साठ काचा त्याने एकेक करून गुंडाळल्या. परत निघाला त्या दिवशी सकाळी आवडीला शेवटची सुई मिळालेली असणार, हे तो मोजून होता. उद्या सकाळपर्यंत त्याला पोलादपूर गाठायचं होतं.

"मांडीवर घेतो," त्याने कंडक्टरला सांगितलं.

"भाताचा मुडा? लेकरू हाय का ते? टपावर टाक."

"आत नाजूक माल हाय."

"माझ्या गाडीत माणसं उभी हायत, तीबी नाजूकच. टाक वर."

मुडा टपावर गेला. पनवेल मागे पडलं, पेण गेलं. प्रत्येक खड्ड्याला वर काहीतरी आदळत होतं आणि कोंडाजीची मूठ आवळत होती. शेजाऱ्याने सुपारी पुढे केली ती त्याला दिसलीही नाही.

माणगाव सोडल्यावर नाक्याची काठी आडवी आली. तेव्हा तांदळावर सरकारी नियंत्रण होतं. इकडचं धान्य तिकडे न्यायला बंदी. नाक्यावरचा कारकून टपावरचं सामान बघत फिरला आणि त्याने मुडा खाली उतरवायला लावला. त्याच्या हातात लांब, टोकदार लोखंडी सळई होती. पोत्यात खुपसायची आणि बाहेर काय येतं ते बघायचं.

"कोणाचा हा?"

कोंडाजी गर्दीतून वाट काढत खाली उतरला. "माझा."

"मुंबईहून कोकणात भात? समुद्रात मीठ टाकायला निघालास काय?"

"भात नाय, साहेब. तूस हाय. आत औषध हाय."

"माझ्या नाक्यावर सगळ्यांच्या पोत्यात औषधच असतं." कारकुनाने सळई उचलली.

कोंडाजीने मुड्यावर हात ठेवला. सळईचं टोक त्याच्या बोटांपासून वीतभर होतं.

"हात काढ."

"काढतो. पन सळई नको. काच हाय. मी सोडून दाखवतो."

"मग सोड. लवकर."

वरून कंडक्टर ओरडला, "ए मुडेवाल्या, गाडी थांबायची नाय. सोडलास तर उद्याच्या गाडीनं ये."

कोंडाजी खाली बसला. दोरी कापली असती तर क्षणात झालं असतं, पण मग पुन्हा बांधायला दुसरी दोरी नव्हती. त्याने शेवटचं टोक शोधलं आणि वेढा वेढा सोडवू लागला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. चौथ्या वेढ्याला मुडा फुगला आणि तूस भसकन रस्त्यावर सांडलं. त्याने आत हात घालून एक चुंबळ काढली, पेंढा बाजूला केला आणि कुपी कारकुनासमोर धरली. दुसऱ्या हाताने खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी काढली.

कारकुनाने चिठ्ठी वाचली. कुपी हातात घेऊन उन्हात धरली.

"कोणाला आहे?"

"पोरीला."

"किती आहेत?"

"तीस. आन् पाण्याच्या नळ्या तीस."

कारकुनाने सळई नाक्याच्या भिंतीला टेकवली. "बांध," तो म्हणाला, आणि कंडक्टरकडे वळला. "गाडी मी सांगितल्याशिवाय हलणार नाही."

कोंडाजीने रस्त्यावरचं तूस ओंजळीने गोळा केलं. निम्मं वाऱ्याने गेलं होतं. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि रिकाम्या जागेत कोंबलं. दोरी आवळायला मात्र दोन हात पुरेनात. तुळसा पायाच्या अंगठ्यात दोरी धरायची, त्याला ते जमेना. तेवढ्यात कंडक्टर शिव्या घालत खाली उतरला आणि त्याने दोरीचं टोक घट्ट धरलं.

"वढ," तो म्हणाला. "आन् पुन्यांदा टपावर नको. घे मांडीवर तुझं लेकरू."

दासगावच्या खिंडीत अंधार पडला. सावित्रीवरून वारा आला. कोंडाजी मुड्याला कान लावून बसला होता. आत काही वाजत नव्हतं. पण ट्रंकेतही काही वाजलं नव्हतं. महाड गेलं. मग त्याच्या गुडघ्याला ओल लागली. त्याने हात फिरवला. पेंढा ओला होता. पोलादपूरपर्यंत तो हात त्याने तिथून काढला नाही.

बनुबाईने कंदील धरला. त्याने ओलीची बाजू वर करून मुडा सोडला आणि एकेक चुंबळ उलगडून चटईवर मांडू लागला. आवडी भिंतीला टेकून बघत होती. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. कुप्या साऱ्या शाबूत. मग नळ्या. शेवटच्या चुंबळीत मान तुटलेली एक नळी निघाली. तिचंच पाणी.

"फुटली?" बनुबाईने विचारलं.

"पाण्याची."

"पाणी देतील डॉक्टर. कंपाउंडर मागंच म्हनाला, नळ्या हायत थोड्या."

कोंडाजी खाली बसला. एवढा वेळ तो उभ्यानेच वाकला होता. नाक्यावर जागा बदलली तेव्हाच ती नळी दाबली गेली असणार. पुढच्या खेपेला मधे आणखी तूस हवं, असं तो मनाशी धरत होता.

आवडीने सुटलेली दोरी मांडीवर घेतली होती.

"आबा, ही तुम्ही वळली?"

"का गो?"

"आयेचा पीळ असा नव्हता. हा उलटा हाय."

कोंडाजीने दोरी हातात घेतली, कंदिलाजवळ धरली. किती वर्षं पडवीत तो तुळसासमोर बसला होता. तिचा उजवा हात त्याला डावीकडे दिसायचा.

"समोर बसून बघत व्हतो ना," तो म्हणाला.

आवडीने दोरीचं दुसरं टोक घेतलं आणि ती दोरी गुंडाळू लागली. पुढच्या फेरीला ती लागणार होती.